म्हाताऱ्या माणसांचं पोट दुखतं तेव्हा : घरी काय बघायचं, कोणत्या क्रमाने

"किती दुखतंय?" हा प्रश्न आपण सगळ्यात आधी विचारतो, आणि सत्तरीपुढच्या माणसाच्या बाबतीत नेमका तोच फसवतो. "काय नाय रे, वायच जड वाटता," असं उत्तर येतं. घरचे ओव्याचं पाणी देतात, बेंबीला हिंग लावतात, रात्र जाते. सकाळी माणसाला उठून बसवत नाही. सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करताना असे पेशंट मी इतक्यांदा उतरवून घेतले, की आता निवृत्तीनंतर हे लिहायला बसले आहे.

तरुण माणसाचं अपेंडिक्स सुजलं तर तो कमरेत वाकून येतो, अंगात ताप असतो, पोटाला हात लावू देत नाही. वय वाढलं की पोटातून मेंदूकडे जाणारी दुखण्याची वर्दी मंदावते. पित्ताशय सुजलेलं असतं, कधी जठराला भोक पडलेलं असतं, तरी कळ हलकी असते आणि नेमकी कुठे ते सांगता येत नाही. पोटाचे स्नायू पातळ झालेले असतात, म्हणून पोट लाकडासारखं कडक होत नाही. ताप चढतोच असं नाही. मधुमेह जुना असेल तर नसा आणखी बोथट. आजार मोठा आणि तक्रार लहान, अशी गत होते. म्हणून दुखणं मोजू नका, बदल मोजा. खालचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

टप्पा १ : माणूस बरा असताना करायची तयारी

बदल ओळखायचा तर रोजचं काय ते आधी माहीत हवं. इथेच बहुतेक घरं अडकतात. "आजी रोज किती जेवतात?" विचारलं की सून मुलाकडे बघते, मुलगा सुनेकडे. एक शाळेची वही घ्या आणि पहिल्या पानावर, माणूस धडधाकट असताना, एवढं लिहून ठेवा:

- सकाळी किती वाट्या पेज, दुपारी किती भात, रात्री किती भाकरी
- शौचाला किती दिवसांनी, कोणत्या वेळी, घट्ट की सैल
- रात्री लघवीला किती वेळा उठतात
- बसल्या जागी नाडीचे ठोके, अंगाचं तापमान आणि रक्तदाब, तीन वेगवेगळ्या दिवशी घेतलेले
- वजन, महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर
- पूर्वीची ऑपरेशनं आणि अंतर्गळ, म्हणजे हर्निया, असेल तर कुठल्या बाजूला

तापमानावर जरा थांबते. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचं नेहमीचं तापमान ९७ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. त्यांना ९९ झालं की घरचे म्हणतात, ताप नाही. पण नेहमीपेक्षा दोन अंश चढलंय, म्हणजे तो तापच आहे. नेहमीचा आकडा वहीत नसेल तर हे कळणार कसं?

मग औषधांची पिशवी. घरातली सगळी औषधं एका कापडी पिशवीत ठेवा: डॉक्टरांची, बाजारातून आणलेली, वैद्याची, शेजारणीने "माका बरा वाटला" म्हणून दिलेलीसुद्धा. पोटाच्या तक्रारीचं मूळ कितीतरी वेळा या पिशवीतच सापडतं. गुडघ्यांसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनने जठरात व्रण होतो, आणि म्हातारपणी तो न दुखताही रक्त गाळतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशी रक्त पातळ करणारी औषधं बरोबर चालू असतील तर धोका आणखी वाढतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, नसांच्या दुखण्यावरचं ॲमिट्रिप्टिलीन यांनी शौचाला घट्ट होतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने काहींना जुलाब होतात, पोट फुगतं. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल ही रक्तदाबाची औषधं नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे आत मोठं बिघडलेलं असतानाही ठोके ७० दिसतात. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड पोटाची सूज आणि दुखणं दोन्ही झाकून टाकतं. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्या पुड्या लपवू नका, पिशवीत टाका.

शेवटची तयारी रस्त्याची. वाडीतून गाडीपर्यंत पाखाडी उतरायची असेल तर खुर्ची कोण धरणार, रात्री कोणाची रिक्षा मिळते, पावसात साकवावरून पाणी गेलं तर दुसरी वाट कुठली, हे वहीच्या मागच्या पानावर लिहा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते, पण तिला घर सापडलं पाहिजे. देऊळ, शाळा, तिठा अशी खूण आधीच ठरवून ठेवा.

तपासा: घरातल्या दुसऱ्या कोणालाही ही वही आणि पिशवी अंधारात, लाइट गेलेली असताना सापडते का?

टप्पा २ : विचारायचं कसं

आधी माणसं कमी करा. ओटीवर दहा जण जमलेले असताना कुठलीच आजी शौचाबद्दल खरं बोलत नाही, आणि मुलासमोर तर नाहीच. बाईला बाईने विचारावं, पुरुषाला पुरुषाने, दार लोटून घेऊन. "शौचाला साफ होते का?" असं पुस्तकी विचारलंत तर "होता" एवढंच ऐकायला मिळेल. "परसाकडे कधी जाऊन इलंस? काल की परवा?" असं विचारलं की माणूस दिवस मोजायला लागतो.

प्रश्न या क्रमाने विचारा. शेवटचं नीट जेवण कधी झालं? शेवटची शौच कधी? वारा सरतोय का? शेवटची लघवी कधी, किती? उलटी झाली का, कसल्या रंगाची? दम लागतोय का, घाम आला होता का? आणि सगळ्यात शेवटी, कुठे आणि कसं दुखतंय. दुखण्याचं आधी विचारलं की "काय नाय" म्हणून बोलणं तिथेच संपतं, पुढचे प्रश्न राहून जातात.

"दुखतंय" हा शब्दच पुष्कळ जण वापरत नाहीत. जड वाटता, भरल्यासारखा वाटता, मळमळता, तोंडाक चव नाय, जीव घाबरता. यातला प्रत्येक शब्द दुखण्याइतकाच गंभीर धरा, विशेषतः तो त्या दिवशी नव्याने आलेला असेल तर.

विसर पडणाऱ्या किंवा बोलता न येणाऱ्या माणसाला विचारून उपयोग नाही, तिथे बघावं लागतं. कूस बदलताना कपाळावर आठ्या पडतात का, हात सारखा पोटाकडे जातो का, पाय पोटाशी घेऊन पडून राहतात का. काल ओळखणारा माणूस आज बरळतोय किंवा नुसता झोपून आहे, एवढ्यावरूनसुद्धा पोटाच्या आजाराची शंका घ्यावी.

टप्पा ३ : मोजा, मग बघा, हात शेवटी लावा

आधी मोजा. पूर्ण एक मिनिट नाडी, पूर्ण एक मिनिट श्वास, तापमान, रक्तदाब, मधुमेह असेल तर साखर. सगळे आकडे वेळेसकट वहीत लिहा. बसल्या जागी नाडी १०० च्या वर, श्वास मिनिटाला २४ च्या वर, किंवा वरचा रक्तदाब १०० च्या खाली, यातलं एकही दिसलं तर पुढची तपासणी सोडा आणि थेट पाचव्या टप्प्यावर जा.

मग उजेडात बघा. लुगडं, धोतर सैल करा. पोट नेहमीपेक्षा फुगलंय का? आणि ही जागा लोक हमखास विसरतात: दोन्ही जांघा बघा. वर्षानुवर्षं असलेला अंतर्गळ एका दिवशी आत जात नाही, घट्ट होतो, दुखतो, आणि त्यात आतडं अडकलेलं असतं. बायका जांघेतली गाठ कोणाला सांगत नाहीत. उलट्या होत आहेत म्हणून दोन दिवस पित्ताचं औषध दिलेल्या बाईच्या जांघेत लिंबाएवढी गाठ मी स्वतः पाहिली आहे.

पाठीपासून पोटाकडे एकाच बाजूने पट्ट्यासारखी आग होते का, तेही बघा. नागिणीचे फोड उठायच्या आधी काही दिवस नुसतीच आग आणि ठणका असतो, आणि सगळे पोट तपासत बसतात. फोड दिसले की मंतरायला नेण्यात वेळ घालवू नका. नागिणीचं विषाणूविरोधी औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो.

पुरुषांच्या बाबतीत बेंबीखालचा भाग नीट बघा. तिथे नारळासारखा गोल फुगवटा असेल तर ते मूत्राशय तुंबलेलं असू शकतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला थेंब थेंब लघवी होत राहते, म्हणून घरचे म्हणतात, "लघवी होता मा!" ती भरून सांडणारी लघवी असते. त्याला नळी घालावी लागते, आणि ती लगेच.

हात शेवटी लावायचा. तळवे चोळून ऊबदार करा, दुखतं त्या जागेपासून लांब सुरुवात करा, बोटं खुपसू नका. नुसतं खोकायला सांगा. खोकल्याबरोबर पोटात चमक आली तर आतलं आवरण सुजलेलं असण्याची शक्यता आहे.

सावधान: पोट मऊ लागलं म्हणून निर्धास्त होऊ नका. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसाच्या आतड्याची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तर तो कळवळतो, आणि पोट मात्र मऊच असतं. दुखणं जास्त आणि पोट मऊ, हा उशीर न करण्याचा प्रकार आहे.

टप्पा ४ : शौच बघा

हे लिहिताना मला माझी मावशी दिसते. गुडघ्यांसाठी आठ महिने बाजारातली गोळी घेत होती, रोज एक, लग्नकार्य असलं की दोन. पोट कधीच दुखलं नाही. "दम लागता गो, जिने चढाक नको वाटता," एवढंच म्हणायची. लागोपाठ तीन रविवार मी तिच्याकडे जेवले आणि मला कळलं नाही. चौथ्या रविवारी ती मागीलदारी भिंत धरून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. संडासात गेले तर भांड्याच्या कडेला डांबरासारखा काळा, चिकट डाग, आणि एक गोडसर कुजका वास. तो वास मी वॉर्डात शंभरदा घेतला होता. तिला रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. जठरात व्रण होता आणि तो एकदाही दुखला नव्हता.

म्हणून पाणी ओतायच्या आधी बघा, किंवा त्यांना बघायला शिकवा. संडासात चांगला बल्ब लावा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती बहुधा नुसती काळी-हिरवट असते. डांबरासारखी चकाकणारी, चिकट, पाण्याने न सुटणारी आणि घाण वासाची असेल तर ते वरच्या आतड्यातलं रक्त समजा. शंका असेल तर रक्तच समजा.

दुसरी फसवणूक जुलाबाची. आठ दिवस शौच नाही आणि मग अचानक दिवसातून दहा वेळा पातळ पाणी जातं, कपड्यांत नकळत होतं. घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात. खरं तर खाली सुकलेल्या मळाचा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपतो. गोळीने तो खडा आणखी घट्ट बसतो. "जुलाबाच्या आधी किती दिवस झाली नव्हती?" हे विचारल्याशिवाय कोणतीही गोळी देऊ नका.

टप्पा ५ : कधी, कुठे न्यायचं

आत्ता, याच क्षणी निघा: 
- काळी डांबरी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी
- बेंबीच्या वर जळजळ किंवा दडपण, त्याबरोबर घाम, दम किंवा गळाठा
- पोट फुगलेलं, वारा बंद, उलट्या चालू
- जांघेतली गाठ आत जात नाही
- अचानक पोट-पाठ दुखून चक्कर किंवा शुद्ध हरपणं
- नव्याने आलेला गोंधळ, थंड घामेजलेले हातपाय
- दुखणं जास्त, किंवा तिसऱ्या टप्प्यातला नाडी, श्वास, रक्तदाब यांचा कुठलाही आकडा बिघडलेला

यातल्या दुसऱ्या ओळीबद्दल जरा बोलते. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतो. म्हाताऱ्या माणसांत, बायकांत, मधुमेहींत छातीत कळ न येताच झटका येऊन जातो. "पित्त झालं" म्हणून सोड्याचं पाणी प्यायलेला आणि ढेकर आल्यावर बरं वाटलेला माणूससुद्धा झटक्याचा निघतो. ढेकर आला म्हणून गॅसच होता, असं सिद्ध होत नाही. बेंबीच्या वरचं कुठलंही नवं दुखणं असेल तर पहिल्याच दवाखान्यात ईसीजी काढून घ्या.

त्याच दिवशी दाखवा: सहा तासांहून जास्त टिकलेलं दुखणं, दोन जेवणं सुटलेली, सात-आठ तास लघवी नाही, नेहमीपेक्षा दोन अंश चढलेला ताप. लघवी तुंबून बेंबीखाली फुगवटा आला असेल तर तासभरही थांबू नका.

आठवड्याभरात दाखवा, पण टाळू नका: तीन आठवड्यांहून जास्त काळ शौचाची सवय बदललेली, वजन उतरत चाललेलं, जेवल्यावर दर वेळी पोट दुखतं म्हणून जेवायची भीती, लवकर पोट भरणं. साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या अशा त्रासाला तपासण्यांशिवाय "आतड्याचा नाजूकपणा" हे नाव लावून घेऊ नका. आतड्याचा कर्करोग याच वाटेने येतो.

टप्पा ६ : गाडी येईपर्यंत

इथे चांगल्या मनाने केलेल्या चुका फार होतात.

एरंडेल देऊ नका. आतडं अडकलेलं असताना रेचक दिलं तर ते फुटू शकतं. एनिमाही घरी नको. "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळून घेऊ नका. गरम पाण्याच्या पिशवीने म्हाताऱ्यांची पातळ कातडी भाजते, आणि मधुमेहींना ते कळतही नाही. डायक्लोफेनॅकची गोळी किंवा इंजेक्शन देऊन बघू नका. ऑपरेशनची शक्यता दिसत असेल तर खायला-प्यायला काही देऊ नका, "दोन घास पोटात जाऊ देत" म्हणूनही नाही. रोजची औषधं, विशेषतः साखरेची आणि रक्त पातळ करणारी, द्यायची की नाही ते फोनवर डॉक्टरांना विचारा.

फक्त जुलाब असतील, माणूस शुद्धीत असेल आणि पोट फुगलेलं नसेल, तर मात्र वाट बघत बसू नका, पाणी सुरू करा. वय वाढलं की तहान लागण्याची जाणीवच कमी होते, त्यामुळे "तहान नाय" हे उत्तर धरू नका. ओआरएसचं पाकीट किती पाण्यात घालायचं ते पाकिटावर वाचा, मोठं एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. एकदम पेला तोंडाला लावू नका, दर दोन-तीन मिनिटांनी दोन घोट. मिठाची पातळ पेज चालते. सोलकढी आणि कोकम सरबत ओआरएसची जागा घेत नाहीत. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तपासा: वही, औषधांची पिशवी, चष्मा, कानाचं यंत्र, आधार आणि रेशन कार्ड. कानाचं यंत्र घरी राहिलं तर डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांना चुकीची उत्तरं जातात.

टप्पा ७ : डॉक्टरांना काय सांगायचं

"गॅस झालाय" असं म्हणून आत जाऊ नका. तुम्ही नाव दिलंत की गर्दीच्या ओपीडीत तेच नाव कागदावर उतरतं. असं सांगा: "आईचं वय ७८. रोज दोन भाकऱ्या खाते, परवापासून अर्धी. काल दुपारपासून लघवी एकदाच. नेहमीची नाडी ७२, आज १०४. गुडघ्यांची गोळी चालू आहे, ही बघा." पाच वाक्यं, आणि समोरच्याला धागा मिळतो.

औषध देऊन घरी पाठवलं तर घरी आल्यावर पहिले २४ तास दर चार तासांनी तिसऱ्या टप्प्यातले आकडे पुन्हा घ्या, रात्रीसुद्धा. म्हातारपणी पहिल्या तपासणीत काही न दिसणं आणि सहा तासांनी दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे. आकडे बिघडत असतील तर त्याच डॉक्टरांकडे परत जायला संकोच करू नका. "वयाप्रमाणे होणारच" असं उत्तर मिळालं तर वहीतली तारीख दाखवा: वय गेल्या आठवड्यातही हेच होतं, त्रास परवापासूनचा आहे. पुढे जिल्हा रुग्णालयात ओरोसला किंवा रत्नागिरीला, नाहीतर गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं, तर चिठ्ठीवर दिलेली इंजेक्शनं आणि वेळ लिहून घ्या. दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिल्यावर पुढच्या डॉक्टरांना पोट वेगळंच लागतं.

टप्पा ८ : रोजचं घट्ट पोट

वरचं काहीही नसेल आणि नुसती जुनी बद्धकोष्ठता असेल, तर क्रम असा. आधी औषधांची पिशवी डॉक्टरांना दाखवून घट्ट करणारं औषध बदलता येतं का ते विचारा. मग पाणी आणि चालणं. मग वेळ: सकाळच्या चहा-पेजेनंतर अर्ध्या तासात आतडं आपसूक हलतं, तेव्हाच बसवा, इच्छा होवो न होवो. कमोडवर बसत असतील तर पायाखाली बुटका पाट द्या, गुडघे कमरेच्या वर आले की जोर कमी लागतो. नाचणी, पालेभाजी, मोड आलेले कुळीथ हळूहळू वाढवा, एकदम वाढवलंत तर पोट फुगेल. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच द्या. पाणी कमी पडलं तर तेच घशात किंवा आतड्यात गोळा होऊन बसतं. अंथरुणाला खिळलेल्या आणि कमी पाणी पिणाऱ्या माणसाला ते देऊच नका, लॅक्ट्युलोजसारखं दुसरं औषध विचारा.

टप्पा ९ : मुलं मुंबईत असतील तर

आपल्याकडे निम्म्या घरांत म्हातारी माणसं एकटी आणि मुलं चाकरमानी. फोनवर "बरी आहेस ना?" विचारलंत तर उत्तर "बरी आसय" हेच येणार, कारण तुमची रजा जाईल याची तिला काळजी असते. त्याऐवजी विचारा: "आज काय रांधलंस? किती जेवलीस? कालचं उरलं का?" रांधलंच नाही असं कळलं तर तिथेच सावध व्हा. मग शेजाऱ्यांना फोन करा आणि व्हिडिओ लावायला सांगा. आईचा चेहरा उजेडात दाखवा म्हणावं, ओठ आणि डोळे जवळून. मग तिला पडवीतून तुळशीपर्यंत चालून यायला सांगा. ती भिंत धरून चालतेय का, मध्ये थांबतेय का, एक हात पोटाशी आहे का ते बघा, आणि शेजाऱ्यांना तिथेच तिची नाडी मोजायला लावा.